ब्रेकची रबरी नळी

ब्रेकचं पेडल दाबलं की गाडी थांबते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण पेडल नुसता निरोप धाडतं. तो निरोप चाकापर्यंत पोचवतं ब्रेक ऑइल, आणि त्या वाटेवरचा शेवटचा वीत-दीड वीत टप्पा असतो रबरी नळीचा. गाडीच्या सांगाड्यावरून येणारा पाईप लोखंडी असतो. चाक मात्र खड्ड्यात खालीवर होतं, पुढचं तर डावीउजवीकडं वळतंही. तिथं लोखंड टिकणार नाही, म्हणून रबर. गॅरेजमध्ये तिला होस पाईप म्हणतात. आमच्या कळंब्याकडं काही ड्रायव्हर ‘हौस पाईप’ म्हणतात. मी शब्दांत रमणारा माणूस, मला तो उच्चार आवडतो. पण ही वस्तू हौसेची नव्हे.

पहाटे कळंब्यातून भाजीच्या, दुधाच्या, किराणा मालाच्या छोट्या गाड्या सुटतात. एखादी रिंग रोडनं फुलेवाडीला जाऊन गगनबावड्याचा रस्ता धरते. कोल्हापूर ते गगनबावडा 55 किलोमीटर. पुढं करूळ घाट उतरला की वैभववाडी. सपाटीला झाकून राहिलेली ब्रेकची खोड या उतरणीला उघडी पडते, आणि तेव्हा मागं माल असतो, शेजारी हमाल बसलेला असतो.

जोराचा ब्रेक मारला की नळीत दर चौरस इंचाला हजार पौंडांच्या आसपास दाब येतो. छोट्या गाडीच्या टायरमध्ये हवा असते तीस ते पन्नास पौंड, त्यावरून अंदाज करा. हा दाब नुसत्या रबराला सोसत नाही. आत रबराची नळी, तिच्यावर विणलेल्या धाग्याचं कापड, वरून पुन्हा रबराचं कातडं, अशी ती घडण असते. आपल्याला दिसतं ते फक्त वरचं कातडं, आणि इथंच माणूस फसतो. वरून काळीभोर दिसणारी नळी आतून फुगून अरुंद झालेली असू शकते. पाय जोर लावतो म्हणून ऑइल चाकाकडं जातं, पण पाय काढल्यावर परत यायला त्याला वाट मिळत नाही. चाक धरून राहतं, तापतं, गाडी एका बाजूला ओढते. मालक लायनर बदलतो, कॅलिपर खोलतो, खर्च करतो. खरी खोड नळीत असते.

ती ओळखायची कशी? धरलेलं चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, चाकाजवळचा हवा काढायचा निपल किंचित सैल करावा. ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. निपल पुन्हा कसून ब्रेक दाबून सोडावा, आणि आता नळीच्या वरचा, लोखंडी पाईपाकडचा सांधा सैल करून पाहावा. तरीही चाक सुटलं नाही आणि निपल उघडल्यावर सुटलं, तर नळीच चोंदली आहे.

बाहेरची तपासणी सोपी आहे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नळी टायरला किंवा स्प्रिंगला घासते का बघा. दोन्ही टोकांच्या लोखंडी टोप्यांजवळ ती वाकवून चिरा शोधा. इंजिन चालू ठेवून एकानं पेडल जोरात दाबावं, दुसऱ्यानं बॅटरी मारून फुगवटा दिसतो का पाहावा. ओल, चिकटपणा, फुगा, धागा दिसणारी चीर, यातलं एक जरी आढळलं तरी नळी बदलायची. टेप गुंडाळणं हा उपाय नव्हे. एका बाजूची बदलली की जोडीची दुसरीही बदलावी. वय दोघींचं सारखंच असतं.

हल्लीच्या गाड्यांत ब्रेकची वाट दुहेरी असते, त्यामुळं एक नळी फुटली तरी थोडा ब्रेक उरतो. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत तारेवर चालतो, तोही उरतो. पण भरल्या गाडीला घाटात तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

बदलायचं काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण शेजारी उभे राहा. सांधे आधी पुसलेले हवेत. दोन पाने लागतात: एकानं नळीचं टोक धरायचं, दुसऱ्यानं नट फिरवायचा; नाहीतर गंजका लोखंडी पाईप पिळवटतो. कॅलिपर खोलला तर तारेनं बांधायचा, नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही. तांब्याचे वॉशर नवेच हवेत. बऱ्याच नळ्यांवर लांबीभर एक रेघ असते. बसवल्यावर ती सरळ दिसली पाहिजे, नळीला पीळ नको.

ब्रेक ऑइल नावाला ऑइल, ते खनिज तेल नव्हे. इंजिन ऑइल, डिझेल यांचा अंश जरी त्यात गेला तरी आतलं रबर फुगतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 3 जातीचं ताजं ऑइल किमान 205 अंशांना उकळायला हवं. पाणी मुरल्यावर ही मर्यादा 140 वर येते. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ झाली की पेडल खाली बसतं. म्हणून सीलबंद डबाच घ्या, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचा. हवा काढताना वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही, बाहेर आलेलं ऑइल परत ओतायचं नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा.

शेवटी पेडल मिनिटभर दाबून धरा, सांधे कोरडे आहेत ना बघा, मग मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवून ब्रेक मारा. आणि काढलेली नळी तिथंच ब्लेडनं उभी चिरून पाहा. आतली वाट किती उरली होती ते दिसतं, शिवाय ती नळी पुन्हा कुणाच्या गाडीला लागत नाही.