सीमेवरील घरांचें वाङ्मय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहणाऱ्या, परंतु मेक्सिको, क्यूबा, पोर्टो रिको इत्यादि प्रदेशांशीं पूर्वजांचें नातें सांगणाऱ्या लोकांच्या वाङ्मयास तिकडील विद्यापीठांत अलीकडे ‘लॅटिनेक्स’ म्हणतात. ‘लातिनो’ हें पुल्लिंगी व ‘लातिना’ हें स्त्रीलिंगी; हा भेद टाळण्यासाठीं हें रूप योजिलें गेलें.

या वाङ्मयाच्या अभ्यासकानें आरंभीं नकाशा पाहावा. १८४८ सालच्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहानें मेक्सिकोचा विस्तीर्ण मुलूख अमेरिकेकडे गेला, आणि तेथील कित्येक कुटुंबें उंबरठाही न ओलांडतां परराज्यांत जाऊन पडलीं. घर तेंच राहिलें. राजभाषा मात्र पालटली.

त्यामुळें घरची भाषा टिकेल काय, हा या वाङ्मयाचा जिव्हाळ्याचा प्रश्न होय. टेक्सासच्या दक्षिण भागांत वाढलेल्या ग्लोरिया अन्साल्दुआबाई १९८७ सालच्या ‘बॉर्डरलँड्स’ या ग्रंथांत सांगतात कीं, शाळेच्या मधल्या सुटींत स्पॅनिश बोलल्याबद्दल त्यांना बोटांवर पट्टीचे तीन फटके बसले. त्याच ग्रंथांत त्यांनीं इंग्रजी व स्पॅनिश यांची जाणूनबुजून सरमिसळ केली आहे. व्याकरणनिष्ठ वाचकास ती प्रथम खटकते. परंतु तो भाषादोष नसून शिक्षेस दिलेलें उत्तर आहे.

रुडॉल्फो अनाया यांची १९७२ सालची ‘ब्लेस मी, उल्तिमा’ ही कादंबरी तर एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस परकी वाटूं नये. न्यू मेक्सिकोंतील एक कुटुंब उल्तिमा नांवाच्या वृद्ध वैदूबाईस, म्हातारपणीं तिनें एकटें राहूं नये म्हणून, घरीं आणतें. धाकटा अंतोनियो शाळेंत इंग्रजी शिकतो आणि तिच्या सहवासांत वनस्पती ओळखूं लागतो. एकाच मुलाचे हे दोन गुरु. कोणाही एकास दूर सारण्याची आज्ञा लेखक त्याला करीत नाहीं.

शाळा मात्र नेहमीं इतकी उदार नसते. ॲरिझोना संस्थानानें २०१० सालीं केलेल्या कायद्याच्या बळावर ट्यूसन येथील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम २०१२ च्या जानेवारींत बंद पडला, व त्यांतील कांहीं पुस्तकें वर्गांतून उचलून नेण्यांत आलीं. ही बंदी वांशिक द्वेषमूलक व म्हणून घटनाविरुद्ध होती, असा निर्णय न्यायालयानें २०१७ सालीं दिला. पण ज्यांच्या हातांतून तीं पुस्तकें गेलीं, त्या विद्यार्थ्यांचें शालेय वय तोंवर सरलें होतें.

यास्तव हें वाङ्मय इंग्रजींतून वाचतांना मध्येंच येणारे स्पॅनिश शब्द कोणीं वगळूं नयेत. कोशांत अर्थ पाहावा, आणि शक्य तर मोठ्यानें उच्चारावा. एका मुलीनें त्या शब्दांसाठीं पट्टी सोसली आहे.