रॉड विकण्याआधी रॉड वाचायला शिका



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुकान उघडून जेमतेम अर्धा तास झाला होता. आमचे एक जुने गिऱ्हाईक आत आले. निवृत्त शिक्षक, आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांनी काउंटरवर फिशिंग रॉडचे दोन तुकडे ठेवले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, तुझ्या बाबांनी मला वीस वर्षं गळ-दोरी विकली. एकदाही परत आणावी लागली नाही."

शिव्या परवडतात हो. हे वाक्य परवडत नाही.

माझी चूक कुठे झाली?

आमचं दुकान अलिबाग तालुक्यात. वडील जाळी, दोरी, गळ, शिसं विकायचे. मी बीबीए करून दुकानात बसलो, तेव्हा हौसेने गरवायला येणारे लोक रॉड आणि रील विचारायला लागले होते. घाऊक व्यापाऱ्याने एक 'बास रॉड' दाखवला. हलका, चकचकीत, वर उडी मारणाऱ्या माशाचं चित्र. भाव १,१५० रुपये.

माझ्या डोक्यातला हिशोब सोपा होता. आपल्या जिताड्याला, म्हणजे गोव्याच्या चोणकाला, इंग्रजीत 'सी बास' म्हणतात. मग बास रॉड जिताड्याला चालणारच! १८ नग उचलले. २०,७०० रुपये एका झटक्यात अडकवले.

पण मित्रांनो, नाव सारखं असलं म्हणून मासा सारखा नसतो. ज्याच्यासाठी बास रॉड बनतात तो 'लार्जमाउथ बास' मूळचा उत्तर अमेरिकेचा, गोड्या पाण्यातला. तळ्यात पाणवनस्पतींच्या आणि बुडालेल्या लाकडांच्या आड दबा धरून बसतो. त्याचा विक्रम आहे साधारण १०.१ किलोचा: १९३२ मध्ये जॉर्जियात जॉर्ज पेरी यांचा, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. पण तो विक्रम झाला. रोजचा मासा एक-दोन किलोचा, कित्येकदा त्याहूनही लहान.

जिताडा वेगळ्याच कुळातला. खाडीत, खारफुटीच्या मुळांशी, पुलाच्या खांबांशी राहणारा. त्याहून कितीतरी मोठा होणारा. गळ लागला की उडी मारून डोकं झटकतो, आणि कल्ल्याच्या झाकणाची कड अशी धारदार की लाइन कापून जाते.

आणि खरी गंमत पुढे आहे. मी विकलेला रॉड अमेरिकेतल्या मोठ्या बासला सुद्धा धड नव्हता! हे रॉडवरच छापलेलं होतं. मी वाचलंच नव्हतं.

मुठीच्या वर छापलेले चार आकडे

कुठलाही बरा रॉड घ्या. मुठीच्या थोडं वर बारीक अक्षरात चार गोष्टी असतात.

१. लांबी. बाससाठी साधारण साडेसहा ते साडेसात फूट. लांब रॉड दूर फेकतो. आखूड रॉडने फांद्यांखाली नेम चांगला साधतो.

२. पॉवर. रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी अशी चढती भाजणी.

३. ॲक्शन. रॉड कुठे वाकतो ते. फास्ट असेल तर शेंड्याजवळ, मॉडरेट असेल तर पार मध्यापर्यंत. पॉवर आणि ॲक्शन यांत निम्मे दुकानदार गोंधळतात. मीही त्यातलाच होतो.

४. ल्युअरचं वजन आणि लाइनची ताकद. ल्युअर म्हणजे नकली आमिष. त्याचं वजन बहुतेक वेळा औंसात असतं. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम.

गुरुजींच्या रॉडवर लिहिलं होतं: लाइट पॉवर, १/१६ ते १/४ औंस. म्हणजे दोन ते सात ग्रॅम. गुरुजींनी बांधला होता २८ ग्रॅमचा ल्युअर. चौपट! जिताडा लागायच्या आधीच, तिसऱ्या फेकीला रॉड तुटला. रॉड वाईट नव्हता. चुकीच्या कामाला दिला होता.

मग बाससाठी चांगला रॉड कोणता?

एकच रॉड घ्यायचा असेल तर सात फूट, मीडियम हेवी, फास्ट. तो वनस्पतीतून मासा खेचून काढतो आणि बरीच कामं निभावतो. पोहत येणारा क्रँकबेट वापरायचा असेल तर मॉडरेट ॲक्शनचा, शक्यतो ग्लासफायबरचा रॉड बरा. त्या ल्युअरला तीन-तोंडी बारीक गळ असतात. रॉड फार ताठ असेल तर ते माशाच्या तोंडातून सुटतात. अगदी हलक्या ल्युअरसाठी स्पिनिंग रील आणि मीडियम लाइट रॉड.

खाडीत जिताड्यासाठी मी आता सात ते आठ फुटी, मीडियम हेवी किंवा हेवी रॉड देतो. आधी ४० ग्रॅमपर्यंतचं वजन पेलतो का ते छापलेलं बघतो. सोबत जाड लीडर, म्हणजे ल्युअरच्या पुढचा लाइनचा तुकडा, आणि एक सूचना: घरी गेल्यावर रॉड-रील गोड्या पाण्याने धुवायचं. खारं पाणी गाइड खातं.

माल उचलताना हातात घेऊन बघा

- शेंड्याकडे एक डोळा मिटून बघा. सगळे गाइड, म्हणजे लाइन जाते त्या कड्या, एका रेषेत हव्यात.
- ढोबळ नियम: जितके फूट, किमान तितके गाइड.
- प्रत्येक कडीच्या आतून कापूस फिरवा. धागा अडकला तर तिथे तडा आहे. तोच तडा पुढे लाइन कापतो.
- रील बसवून तोल बघा. शेंडा खाली ओढत असेल तर तासाभरात मनगट दुखतं.
- कार्बनचा रॉड हलका, हाताला पटकन कळवणारा, पण आपटला तर नाजूक. ग्लासफायबर जड, पण सोशिक.

आणि हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगाच: कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली किंवा आभाळ गडगडत असताना रॉड उभा धरायचा नाही. इथे प्रश्न विक्रीचा नाही, जिवाचा आहे.

आता हिशोब

खाडीसाठी तीन रॉड विकले होते, १,६०० रुपयांना एक. तिन्ही गिऱ्हाइकांना मी स्वतः फोन केला, रॉड परत घेतले, ४,८०० रुपये परत दिले. दोन धड होते, एक तुटका. उरलेले १७ रॉड तळ्यावर, जिथे परवानगी आहे तिथे, चिलापी गरवणाऱ्यांना "हा हलका रॉड आहे, सात ग्रॅमच्या वर बांधू नका" असं सांगून १,३०० ला विकले. आठ महिने लागले. तुटक्याचे १,१५० वजा जाता हातात राहिले १,४०० रुपये. सगळा माल १,६०० ने गेला असता तर ८,१०० राहिले असते.

म्हणजे स्टिकर न वाचण्याची किंमत ६,७०० रुपये. भाव विचारायला मी दहा मिनिटं घातली होती. वाचायला एक मिनिट लागलं असतं.

आता रॉड दाखवण्याआधी मी तीनच प्रश्न विचारतो. कुठे गरवणार? कुठल्या माशाला? किती वजनाचं आमिष बांधणार? उत्तर मिळालं की भिंतीवरच्या वीस रॉडमधले दोनच उरतात. कधी कधी एकही उरत नाही. तेव्हा "माझ्याकडे नाही" म्हणतो. तो माणूस दुसरीकडून रॉड घेतो आणि लाइन, गळ, लीडर घ्यायला माझ्याकडे येतो.

गुरुजी पैसे घेऊन निघाले तेव्हा दारात थांबून म्हणाले, "आता विकतोस ते स्वतः वापरून बघत जा." त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर रेवदंड्याच्या खाडीवर गेलो. मासा मिळाला नाही. पण सात ग्रॅम आणि २८ ग्रॅम यातला फरक मनगटाला कळला.

आजचं काम: तुमच्या दुकानातली सगळ्यात जास्त विकली जाणारी एक वस्तू उचला. तिच्यावर छापलेलं प्रत्येक अक्षर वाचा. जे समजलं नाही ते वहीत लिहा आणि उद्या व्यापाऱ्याला विचारा. त्याला नाही सांगता आलं, तर पुढची ऑर्डर थांबवा.