सरपंचाची खुर्ची आणि अमेरिकेचा अध्यक्ष

कर्जत तालुक्यातील शेलू ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की मतदाराला आता दोन वेगवेगळ्या पदांसाठी मत द्यावे लागते. आपल्या प्रभागातील सदस्यांसाठी आणि साऱ्या गावाच्या सरपंचासाठी. पूर्वी गावाने सदस्य निवडायचे आणि सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडायचा, अशी रीत होती. २०१७ साली राज्य सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा केला. २०२० साली दुसऱ्या सरकारने तो रद्द केला आणि २०२२ साली तिसऱ्या सरकारने तो पुन्हा आणला. पाच वर्षांत तीनदा कायदा फिरला. आमच्यातील अनेकांनी याकडे पुढाऱ्यांचे आपसातले भांडण म्हणून पाहिले आणि सोडून दिले. परंतु या भांडणाच्या मुळाशी राज्यकारभाराचा जो प्रश्न आहे, तो बाबासाहेबांनी घटना समितीत उघड मांडला होता. तो समजून घ्यायचा तर आधी अमेरिकेचा कारभार समजून घेतला पाहिजे.

सरपंच निवडण्याची जुनी पद्धत इंग्लंडच्या वळणाची. आपले पंतप्रधान आणि मुख्यमंत्री असेच ठरतात. सभागृहाचा विश्वास आहे तोवर खुर्ची, विश्वास गेला की खुर्ची गेली. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयींचे सरकार लोकसभेत अवघ्या एका मताने पडले, ते याच नियमाने. नवी पद्धत अमेरिकेच्या वळणाची. तेथे कायदेमंडळ वेगळे निवडले जाते आणि अध्यक्ष वेगळा. १७८७ साली फिलाडेल्फियात तयार झालेल्या त्या घटनेने सत्तेचे तीन वाटे केले. कायदा करणार काँग्रेस, अंमल करणार अध्यक्ष आणि निवाडा करणार न्यायालय. काँग्रेसची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधीगृहात ४३५ सभासद, दोन वर्षांच्या मुदतीचे. सिनेटमध्ये १०० सभासद, प्रत्येक राज्याचे दोन, सहा वर्षांच्या मुदतीचे. अध्यक्षाची मुदत चार वर्षांची. त्याचे मंत्री काँग्रेसचे सभासद नसतात आणि सभागृहाला त्यांच्यावर अविश्वास आणता येत नाही. अध्यक्षाला हटवायचे तर महाभियोग हा एकच मार्ग, आणि आजवर महाभियोगाने एकही अध्यक्ष पदावरून गेलेला नाही.

मग हा अध्यक्ष मोकाट आहे काय? कागदावर तरी नाही. त्याला लगाम आहेत. तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे आहे. काँग्रेसने पैसा मंजूर केला नाही तर सरकारी कचेऱ्या बंद पडतात. २०२५ साली १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस त्या अशाच बंद होत्या. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश अध्यक्ष नेमतो, पण सिनेटची संमती लागते. अध्यक्षाने विधेयक नाकारले तर दोन्ही सभागृहे दोन तृतीयांश मतांनी ते त्याच्या डोक्यावरून पास करू शकतात. खुर्ची पक्की, पण चारी बाजूंनी बांधलेली, अशी ही रचना आहे.

१९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेबांना ही रचना पुरती ठाऊक होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली. सरकार स्थिर हवे आणि जबाबदारही हवे, पण दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, असे त्यांचे सांगणे होते. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य अधिक आणि जबाबदारी कमी. तेथे सरकारची परीक्षा निवडणूक आली की होते. संसदीय पद्धतीत ती निवडणुकीत तर होतेच, शिवाय प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना आणि अविश्वास ठराव यांच्या रूपाने रोज होते. म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला वरचे स्थान दिले.

पण एवढ्यावर थांबणारे बाबासाहेबांना अर्धेच वाचतात. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ साली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन घटना समितीसाठी तयार केले होते. त्यात देशाचे नाव ‘युनायटेड स्टेट्स ऑफ इंडिया’ होते आणि मंत्रिमंडळ सभागृहाच्या मुदतीपर्यंत न हलणारे, म्हणजे अमेरिकेच्या जवळ जाणारे होते. पंतप्रधान साऱ्या सभागृहाने निवडायचा आणि मंत्रिमंडळातील अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या अल्पसंख्याकांच्या सभासदांनी निवडायचे, अशी योजना होती. असे का? कारण इंग्लंडमधील बहुमत राजकीय असते, ते आज एका पक्षाचे तर उद्या दुसऱ्याचे. भारतातील बहुमत जन्माने ठरलेले. जे बहुमत कधी बदलतच नाही, त्याच्या हाती सगळे मंत्रिमंडळ देणे म्हणजे अस्पृश्यांना कायमचे बाहेर ठेवणे. घटना समितीने ही योजना स्वीकारली नाही.

या दोन भूमिकांत विसंगती नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. स्थैर्य कोणासाठी आणि जबाबदारी कोणापुढे?

आता हा प्रश्न घेऊन गावात या. राखीव जागेवर आमची एखादी भगिनी सरपंच होते. सहीपुरती राहिली तोवर ती चांगली. तिने स्वतःच्या डोक्याने कारभार सुरू केला की जातीचे बहुमत एकवटते आणि अविश्वास ठराव येतो. हे महाराष्ट्राने गावोगावी पाहिले आहे. तिच्यासाठी नव्या कायद्यातील पक्की खुर्ची म्हणजे संरक्षण आहे. पहिली दोन वर्षे तिच्यावर अविश्वास आणता येत नाही, नंतर आणला तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेची मान्यता लागते. पण त्याच खुर्चीवर गावचा धनदांडगा थेट निवडून बसला तर? तेव्हा हीच तटबंदी त्याच्या कामी येते आणि आमच्या वस्तीचा एखाददुसरा सदस्य बैठकीत हात वर करून थकतो.

म्हणूनच भारतात अध्यक्षीय राजवट आणा, असे म्हणणाऱ्यांना एक प्रश्न विचारला पाहिजे. अमेरिकेची खुर्ची मागता, पण लगाम का मागत नाही? बळकट सिनेट, आपल्या स्वतंत्र घटना असलेली राज्ये, तिजोरी अडवून धरणारे कायदेमंडळ यांचे नाव त्यांच्या तोंडी क्वचितच येते. घटना पुनर्विलोकनाची भाषा जोरात होती, तेव्हा २७ जानेवारी २००० रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी बाबासाहेबांच्या याच जबाबदारीच्या निवडीची देशाला आठवण करून दिली होती. घटनेने आपल्याला निराश केले की आपण घटनेला, असा त्यांचा सवाल होता.

दिल्लीचा लगाम आपल्या हाती नसेल, पण शेलूचा आहे. थेट सरपंचाच्या पद्धतीत काँग्रेसचे काम करायचे ते ग्रामसभेने. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. तेथे जमाखर्च मांडला जातो, लाभार्थी ठरतात, ठराव होतात. परंतु आमची माणसे सकाळच्या लोकलने ठाणे-मुंबईला कामाला जातात आणि ग्रामसभेचे इतिवृत्त त्यांच्यावाचून लिहिले जाते. सुट्टी टाकावी लागली तरी चालेल, पण ग्रामसभेला गेले पाहिजे. मागासवर्गीयांसाठीचा निधी कोठे खर्च झाला, हे उभे राहून विचारले पाहिजे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतले पाहिजे. सरपंच आपला असेल तर त्याच्या पाठीशी उभे राहण्यासाठी जा, नसेल तर हिशेब मागण्यासाठी जा. बाबासाहेबांनी सांगितलेली रोजची परीक्षा गावात घ्यायची ती आपणच.