विश्लेषण : कम्पास की मेरिडियन? सहा जणांच्या घराला कोणती ‘जीप’ सोयीची?

आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन मुले. सुट्टीत कोकणात जायचे तर सगळे एकाच गाडीत मावावेत, ही अनेक पुणेकर घरांची अपेक्षा असते. त्यात अमेरिकी ब्रँड हवा असेल, तर नजर ‘जीप’वर जाते. या गाड्या पुण्यापासून साधारण ५० किलोमीटरवर, रांजणगावच्या एमआयडीसीत तयार होतात. पण मॉडेल आणि व्हेरिएंट निवडताना दोन-चार लाखांची चूक सहज होऊ शकते.

अमेरिकी पर्याय इतके कमी का?

शेवरले ब्रँडच्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली. तळेगावच्या प्रकल्पातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले आणि पुढे तो प्रकल्प ह्युंदाईकडे गेला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. टेस्लाची ‘मॉडेल वाय’ जुलै २०२५ मध्ये आली, मात्र तिची किंमत ६० लाखांच्या घरात आहे. त्यामुळे मध्यमवर्गाच्या थोड्याफार आवाक्यात उरते ती जीपच.

दोन्ही गाड्यांत सारखे काय?

इंजिन. दोन्हींत २ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन आहे. ते १७० पीएस शक्ती आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क देते. सहा गिअरचा मॅन्युअल किंवा नऊ गिअरचा ऑटोमॅटिक असे पर्याय मिळतात. टाटाच्या हॅरियर आणि सफारीतही याच कुळातील इंजिन आहे. २०१७ मध्ये कम्पाससोबत आलेले १.४ लिटरचे पेट्रोल इंजिन २०२३ मध्ये बंद झाले.

मग फरक कुठे पडतो?

• लांबी : कम्पास ४,४०५ मिलिमीटर, मेरिडियन ४,७६९ मिलिमीटर. सोसायटीतील पार्किंग साडेचार मीटरचे असेल, तर मेरिडियन सुमारे २७ सेंटीमीटर बाहेर राहील. बुकिंगआधी जागा टेपने मोजलेली बरी.

• आसने : कम्पासमध्ये पाच. मेरिडियनमध्ये सात, पण सर्वात स्वस्त ‘लाँगिट्यूड’ व्हेरिएंट पाच आसनीच आहे. ‘मेरिडियन म्हणजे सात आसनी’ असे गृहीत धरले, तर इथेच फसगत होते.

• डिकी : मेरिडियनच्या तिन्ही रांगा वापरल्या तर उरते फक्त १७० लिटर जागा. तिसरी रांग दुमडली की ती ४८१ लिटर होते. म्हणजे सात माणसे किंवा चार दिवसांचे सामान. दोन्ही हवे असेल तर टपावर कॅरिअर लागणार.

तिसरी रांग मुलांसाठी ठीक आहे. मोठ्यांना गुडघे वर घेऊन बसावे लागते, शिवाय तिथे शिरताना वाकावे लागते. आजी-आजोबांना मधली रांगच द्यावी.

कोणता व्हेरिएंट?

ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी मेरिडियन आली, तेव्हाच्या सुरुवातीच्या एक्स-शोरूम किमती अशा होत्या : लाँगिट्यूड २४.९९ लाख, लाँगिट्यूड प्लस २७.५० लाख, लिमिटेड ओ ३०.४९ लाख आणि ओव्हरलँड ३६.४९ लाख रुपये. कम्पास तेव्हा १८.९९ लाखांपासून होती. रडार-कॅमेऱ्यावर चालणारी ‘अडास’ सुरक्षा यंत्रणा फक्त ओव्हरलँडमध्ये आहे. फोर बाय फोरही वरच्या व्हेरिएंटमध्ये, ऑटोमॅटिकसोबतच मिळते. ताम्हिणी किंवा वरंधा घाटातील डांबरी रस्त्याला ते लागत नाही. चिखलाची शेतवाट रोजची असेल तरच त्याचे पैसे वसूल होतात.

करांचे गणित काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवर उपकरासह असलेला ५० टक्के कर ४० टक्के जीएसटीवर आला. म्हणून किंमत १० टक्क्यांनी उतरत नाही. १५० रुपयांची वस्तू १४० ला मिळते, म्हणजे घट सुमारे ६.७ टक्के. त्यामुळे जुन्या किमतींवर न जाता ताजे कोटेशन घ्यावे.

महाराष्ट्रात वैयक्तिक डिझेल मोटारीवर १० ते २० लाखांपर्यंत १४ टक्के, तर २० लाखांपुढे १५ टक्के रस्ता कर आहे. कंपनीच्या नावावर गाडी घेतल्यास तो २० टक्के होतो. २५ लाखांच्या गाडीला वैयक्तिक नोंदणीत पावणेचार लाख, तर कंपनीच्या नावावर पाच लाख रुपये कर बसतो.

शहरात डिझेल घ्यावे का?

बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमार्गात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ही काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. रोज फक्त कोथरूड ते डेक्कन अशा कोंडीतल्या फेऱ्या असतील, तर फिल्टर तुंबून दिवा लागू शकतो. आठवड्यातून एकदा महामार्गावर जाणे होत असेल, तर ही अडचण सहसा येत नाही.

थोडक्यात काय?

चौघांचे घर आणि छोटे पार्किंग असेल, तर कम्पास पुरेशी आहे. वर्षातून अनेकदा सहा जण एकत्र निघत असतील, तर मेरिडियन लाँगिट्यूड प्लसपासून पाहावी. असा प्रवास वर्षातून दोनदाच होत असेल, तर तेवढ्यापुरती गाडी भाड्याने घेणे स्वस्त पडते. फोर्ड आणि शेवरलेचा अनुभव पाहता, सही करण्याआधी जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सुट्या भागांना किती दिवस लागतात ते विचारावे आणि वाढीव वॉरंटीचा खर्च बजेटमध्येच धरावा.