जादा बादलीचा हिशेब

‘आमच्या बेसमेंट पार्किंगला मार्चमध्ये एपॉक्सी केलं. भांग पाडता येईल इतकं चकचकीत. ऑगस्टमध्ये फोड आले आणि गणपतीपर्यंत पापुद्रे निघायला लागले. माल खराब होता की कामगार?’ कोथरूडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंचा हा प्रश्न, सोबत चार फोटो. फोटो पाहून राहवेना, म्हणून वेळ ठरवून थेट गेलोच. (दुसऱ्याच्या घरातली ओल बघायला मला फार आवडतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.)

फोड रुपयाएवढे होते, दाबले की डुबूक करणारे. एकाला टाचणी टोचली. आतून पिवळसर पाणी आलं. चिमटीत चोळलं तर साबणासारखं बुळबुळीत. लाल लिटमस टेकवला, निळा झाला. बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. हे पाणी गाड्यांनी आणलेलं नव्हतं. ते जमिनीतून, काँक्रीटमधून वर आलं होतं आणि येताना तिथला अल्क घेऊन आलं होतं. वर एपॉक्सीचं झाकण, बाहेर पडायला वाट नाही. शिवाय खारट द्रावण परासरणाने खालून आणखी पाणी ओढतं, त्यामुळे फोड फुगतच जातो. रंगाने आपलं काम चोख केलं होतं. पाणी अडवलं, म्हणूनच तो उचलला गेला.

पण वीतभर काँक्रीटमधून पाणी येतंच कसं? इथे मला टी. सी. पॉवर्स या माणसाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. काँक्रीटमध्ये पाणी जितकं जास्त तितकी ताकद कमी, हा नियम इंजिनीअरिंगच्या मुलांना डफ एब्रम्सच्या नावाने पाठ असतो. शिकागोत 1918 साली त्याने तो मांडला. (त्याच्या वीसेक वर्षं आधी फ्रान्समध्ये रेने फेरेने जवळजवळ हेच सांगून ठेवलं होतं, पण नावं चिकटतात ती अशीच.) पॉवर्सचं नाव मात्र त्या वर्गाबाहेर कुणी ऐकलेलं नसतं. त्याने ताकदीपलीकडचा प्रश्न विचारला. सिमेंटच्या कणांमधली पाण्याची जागा पुढे भरते की तशीच राहते?

पुण्याच्या जुन्या पेठा आठवा. एका बोळात शिरलं की वाड्यांच्या मागून तिसऱ्याच रस्त्याला निघता यायचं. लोकांनी पडव्या वाढवल्या, भिंती घातल्या आणि बोळ जागोजागी बंद झाले. बोळ उरले, पण आरपार वाट राहिली नाही. सिमेंटचंही तसंच. कणांची पाण्याशी प्रक्रिया होऊन तयार होणारा चिकट जेल मूळ सिमेंटच्या साधारण दुप्पट जागा व्यापतो. पाणी मोजकं घातलं असेल तर तो बोळ बुजवतो. बेसुमार घातलं असेल तर बुजवायला जेलच पुरत नाही.

पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी 1959 मध्ये यावर चक्क दिवसांचा हिशेब दिला. तो आपल्या 50 किलोच्या गोणीत मांडू. गोणीला साडेबावीस लिटर पाणी घातलं आणि काँक्रीट सतत ओलं ठेवलं, तर 7 दिवसांत आरपार वाटा बंद होतात. 25 लिटरला 14 दिवस. 30 लिटरला सहा महिने. 35 लिटरला वर्ष. त्याच्या वर गेलात, की कधीच नाही! सात दिवस आणि ‘कधीच नाही’ यांच्यात अंतर किती, तर साडेबारा लिटरचं. साइटवर ‘माल घट्ट होतोय, जरा पाणी सोड रे’ म्हणून बिगारी ओततो ती एक बादली. पावसाळ्यात भिजलेली वाळूही गुपचूप पाणी आणते, ते वेगळंच.

म्हणजे पोटात कमी आणि अंगावर भरपूर, असा काँक्रीटचा आहार हवा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मालात पाणी सढळ हाताने, आणि मग दोन दिवस पाइप फिरवला की ‘पाणी मारून झालं’. त्यात घोटाईच्या वेळी वर आलेलं पाणी टिपायला गवंडी कोरडं सिमेंट पेरतो. दिसायला गुळगुळीत, पण तो पापुद्रा कच्चा. या सोसायटीत रंग नसलेल्या कोपऱ्यात मी किल्लीने रेघ ओढली, तर खडूसारखी पूड निघाली. रोज झाडूनही गाड्यांवर बसणारी धूळ रस्त्यावरची नाही, जमिनीचीच आहे, हे ऐकून सेक्रेटरीबाई वॉचमनकडे जरा अपराधी नजरेने बघू लागल्या.

नवीन काम असेल तर निवड अवघड नाही. काँक्रीटखाली जाड प्लास्टिकचा कागद, वर ट्रिमिक्स, म्हणजे पंपाने जादा पाणी ओढून घेतलेलं काँक्रीट, ओलं असतानाच पृष्ठभागात घोटलेला हार्डनर, दिवसभरात जाडीच्या पाव भागाइतके खोल ग्रूव्ह, आणि आळी करून किंवा गोणपाट टाकून दोन आठवडे ओल. तडे जायचेच, ग्रूव्ह मारून ते कुठे जावेत एवढं आपण ठरवतो. मला विचाराल तर पार्किंगला याच्यावर काही लागत नाही.

जुन्या, धूळ सोडणाऱ्या जमिनीला सिलिकेटचं द्रावण चांगलं. ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून भोकांतच घट्ट होतं. वर पापुद्रा नाही, म्हणून निघायलाही काही नाही, आणि वाफेला वाट राहते. सोडियम सिलिकेट म्हणजे तेच ‘वॉटर ग्लास’, ज्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात विलायती गृहिणी अंडी बुडवून महिनोन्‌महिने टिकवत. कवचाची छिद्रं बुजवायची, एवढंच काम. अंडं काय, पार्किंग काय! मात्र तळघरात भेगेतून पाणी दाबाने येत असेल तर सिलिकेटही हरतं आणि एपॉक्सीही. तिथे आधी गळती बांधकामातूनच काढावी लागते.

एपॉक्सी वाईट नाही. खाली कोरडं असेल तर तेल-ग्रीस पुसायला त्याच्यासारखं काही नाही. पण ‘लाइफटाइम’ म्हणणाऱ्याला आधी एक चाचणी करायला सांगा. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारी कडांनी टेपने चिकटवून निदान 16 तास ठेवायचं. आत थेंब दिसले किंवा खालचा भाग काळवंडला, तर रंग नको. ही चाचणी रंगवाले करतात तेव्हाही मार्च-एप्रिलमध्ये करतात, आणि तेव्हा पुण्यात काय ओलं असतं? ती ऑगस्टमध्ये करावी.

आम्ही तीन जागी प्लास्टिक लावून आलो. रॅम्पजवळचं कोरडं निघालं, पंपरूमशेजारच्या दोन्हींत सकाळी दवासारखे थेंब. रॅम्पकडचं एपॉक्सी तसंच ठेवायचं, आतलं खरवडायचं आणि आधी गळती बघायची, असं कमिटीत ठरलंय. पंपरूमजवळचं एक प्लास्टिक काढायचं राहूनच गेलं. महिना झाला, तिथे कुणी गाडी लावत नाही. टेपचा चौकोन बघून ती जागा चेअरमननी राखून ठेवली असावी, असा सगळ्यांचा समज झालाय.