थंडीला न भिणारी झाडे

आमच्या बेळगाव-निपाणी भागात पौषातील पहाट अंगाला झोंबते. त्या गारठ्यात नाजूक रोपे मलूल होतात. परंतु परसातील कोरफड, कुंडीतील पानफुटी आणि बांधावरील घायपात टवटवीत असतात. या झाडांना भय इथल्या थंडीचे नाही, ओलीचे आहे.

त्यांच्या मांसल पानांत पाण्याचा साठा असतो. तो उन्हात उडून जाऊ नये म्हणून पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटतात व रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड वायू आत घेतात. तो पहाटेपर्यंत आम्लरूपाने साठतो. पानफुटीचे पान सकाळी आंबट व दुपारी बेचव लागते, हे हिंदुस्थानात काम करणाऱ्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ साली नोंदविले होते. विद्यार्थ्यांनी मात्र ते चाखू नये. त्यात विषारी द्रव्ये असतात.

पानफुटीचे पान सावलीत ओलसर वाळूवर ठेवले की कडेच्या खाचांतून रोपे फुटतात. कोरफडीचा फुटवा मात्र उपटताच लावू नये. एका आषाढात आम्ही तो तसाच चिखलात लावला आणि आठ दिवसांत तो कुजला. ओल्या जखमेतून बुरशी आत शिरते. म्हणून फुटवा चार दिवस सावलीत सुकवावा, बुडाशी भोक असलेल्या कुंडीत माती व वाळू समभाग घेऊन लावावा आणि पाणी आठवड्याने द्यावे. पावसाळ्यात कुंडी पडवीत ठेवावी.

घायपाताचे झाड आयुष्यात एकदाच फुलते व मरते. पण तत्पूर्वी बुंध्याशी पिले ठेवून जाते. ती उचलून लावीत गेल्यास एका झाडापासून शाळेचे सारे कुंपण उभे राहील.