मॉस्कोचे दोस्त: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नगर जिल्ह्यातील सोनईच्या परिसरात रशियाविषयी जी जुनी आपुलकी आढळते, ती निष्कारण नाही. नगरच्या चिलखती दलाच्या केंद्रात जवानांच्या पिढ्या सोव्हिएत आणि रशियन बनावटीच्या रणगाड्यांवर तयार झाल्या, आणि १८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याच्या प्रश्नावर सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघानेच नकाराधिकार वापरून आपली बाजू राखली. परंतु कृतज्ञतेपोटी माणूस दप्तर तपासायचे सोडून देतो, आणि मग ऐकीव गोष्टी इतिहास म्हणून चालू लागतात.

पहिला समज असा की, रशिया म्हणजे नाव बदललेला सोव्हिएत संघच. वस्तुतः १९९१ मध्ये त्या संघाची पंधरा राष्ट्रे झाली. सुरक्षा परिषदेतील कायमचे आसन आणि अण्वस्त्रे मॉस्कोच्या वारशात आली, पण लोकसंख्या निम्म्यावर उतरली, आणि चालू विनिमयदराने मोजलेले रशियाचे राष्ट्रीय उत्पन्न आज भारताहूनही कमी आहे. महत्त्वाकांक्षा जुनी राहिली, खजिना मात्र राहिला नाही.

दुसरा समज अधिक रुजलेला आहे: मॉस्कोभोवती जमलेल्या एकतंत्री राजवटी म्हणजे वॉर्सा कराराचाच नवा अवतार. तो जुना करार तरी कोठे बंधुत्वाचा होता? ऑगस्ट १९६८ मध्ये त्यातील फौजा चेकोस्लोव्हाकिया या आपल्याच सभासदावर चालून गेल्या. आज तर प्रत्येक दोस्ताशी मामला वेगळा आहे. १९९४ पासून बेलारूसवर अंमल गाजवणाऱ्या लुकाशेंको यांनी २०२० च्या जनक्षोभात मॉस्कोच्या पाठिंब्याने गादी राखली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्याच भूमीवरून रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीराव पेशव्यांना पुण्याची गादी परत मिळाली, पण सोबत इंग्रजांची तैनाती फौज आली, आणि पुढल्याच ऑगस्टात, १८०३ साली, वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, हे ज्यांच्या जिल्ह्यात घडले त्यांना मिन्स्कची अवस्था निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. बेलारूसचे पोटॅश, जे आपल्या देशातील उसालाही लागते, ते लिथुआनियातील क्लायपेडा बंदराची वाट २०२२ मध्ये बंद झाल्यापासून रशियन बंदरांच्या मर्जीवर बाहेर पडते.

उलटपक्षी, जून २०२४ मध्ये उत्तर कोरियाशी झालेल्या तहात परस्पर लष्करी साहाय्याचे कलम आहे, आणि त्यानंतर मदतीस धावली ती प्योंगयांगची फौज, कुर्स्क प्रांतात. एकेकाळच्या महासत्तेने आपल्याच मुलखात आश्रितांचे सैनिक बोलवावेत, ही गोष्ट क्रेमलिनच्या जुन्या अधिपतींना क्वचितच रुचली असती. इराणशी जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या करारनाम्यात असे कलमच नाही. त्या जूनमध्ये इराणवर इस्रायल आणि अमेरिका यांचे हल्ले झाले तेव्हा मॉस्कोने निषेध केला, फौज पाठवली नाही. सीरियाचे असद २०१५ पासून रशियन विमानांच्या छायेत तगले, आणि ८ डिसेंबर २०२४ रोजी राजवट कोसळली तेव्हा त्यांना मॉस्कोत आश्रय मिळाला. राज्य वाचले नाही.

हे सारे एका विचाराने बांधलेले आहेत, हाही समज टिकत नाही. तेहरानची धर्मसत्ता, प्योंगयांगची वंशपरंपरागत साम्यवादी राजवट आणि दमास्कसचा आता सत्ताभ्रष्ट झालेला बाथ पक्ष यांच्यात समान सूत्र शोधू गेल्यास पाश्चात्त्यांच्या दबावाची चीड आणि प्रजेच्या प्रश्नांचा तिटकारा, यांपलीकडे फारसे हाती लागत नाही.

राहता राहिला आपल्याविषयीचा समज, की संकटसमयी रशिया भारतासाठी धावून येण्यास बांधलेला आहे. ९ ऑगस्ट १९७१ च्या मैत्री करारातील नववे कलम, आक्रमण झाल्यास तत्काळ मसलत करावी, असे बंधन घालत होते; फौज पाठवण्याचे नव्हे. आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये, चिनी फौजा सरहद्द ओलांडून आल्या असता, सोव्हिएत मुखपत्र ‘प्रावदा’ने कौल दिला तो चीनच्या प्रस्तावाला. दिल्लीने हे ध्यानात ठेवले असावे. स्टॉकहोमच्या शांतता-संशोधन संस्थेच्या हिशोबानुसार भारताच्या शस्त्रआयातीतील रशियाचा वाटा २०१०–१४ मध्ये ७२ टक्के होता, तो २०२०–२४ मध्ये ३६ टक्क्यांवर आला असून, उरलेल्या खरेदीसाठी आपले अधिकारी पॅरिस, तेल अवीव आणि वॉशिंग्टनच्या वाऱ्या करीत आहेत.